खारजमिनीतलं शेवाळ आणि पोटॅशियमचा पंप : केडीपी प्रथिनाचा ट्रॉम्बेमार्गे इतिहास

प्रयोगशाळेला लागणारी प्रथिनं विकणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग तुम्ही चाळले असतील, तर एक ठरावीक प्रकारची नोंद तुमच्या नजरेखालून गेली असेल. अमुक जीवाणूचं, पोटॅशियम वाहून नेणाऱ्या एटीपेझचं सी उपएकक, ‘केडीपी-सी’. रिकॉम्बिनंट. ई. कोलायमध्ये बनवलेलं, शेपटीला हिस्टिडिनचा टॅग. फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. किंमत बघून आपण पान उलटतो. पण पेट किंवा नेटची तयारी करताना, संशोधनाचा आराखडा लिहिताना, अशा एखाद्या नोंदीपाशी थांबून स्वतःला विचारावं की ही कुपी इथपर्यंत आली कशी? हे नाव कोणी ठेवलं, का ठेवलं? आणि कुपीत जे आहे ते खरंच काही वाहून नेतं का?

आजच्या लेखात या एका प्रथिनाचा इतिहास सांगतो. नेहमीच्या पाठ्यपुस्तकात तो शिकागोत सुरू होतो आणि जर्मनीत जाऊन संपतो. मधला एक मोठा तुकडा आपल्या ट्रॉम्बेचा आहे, आणि त्याचं मूळ कोकणातल्या खारजमिनीत आहे. तो तुकडा सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी तिथेच जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी पोटॅशियमबद्दल. शेतकऱ्याच्या भाषेत नत्र, स्फुरद, पालाश यातला पालाश. आमच्या आटगावात, एकूणच शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, भाताचं रोप करायच्या जागेवर राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि मे महिन्यात पेटवून द्यायचं. पाऊस पडला की त्याच जागेत बी पेरायचं. या पद्धतीवर हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली शेती खात्यासाठी स्वतंत्र प्रबंधिकाच लिहिली होती. राबाचे फायदे एकाहून जास्त आहेत, जमीन तापण्याचाही त्यात वाटा आहे. पण राखेतून रोपाला मिळणारा पालाश हा त्यातला एक, यात वाद नाही. इंग्रजीत ‘पोटॅश’ हा शब्दही भांड्यातल्या राखेवरूनच आला, आणि १८०७ साली हम्फ्री डेव्हीने त्यातून धातू वेगळा काढल्यावर त्याला पोटॅशियम नाव पडलं.

झाडाला लागतो तसाच पालाश जीवाणूलाही लागतो, आणि तो साधासुधा नाही. ई. कोलायच्या पेशीत पोटॅशियमचं प्रमाण शेकडो मिलिमोलर असतं. बाहेरच्या पाण्यात ते त्याच्या हजारावा हिस्सा, कधी लाखावा हिस्सा असू शकतं. पावसाच्या पाण्यात तर नगण्यच. पेशीचं पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, त्यातून विद्युतभारित आयन आपोआप आत येत नाही. म्हणजे दार हवं. आणि बाहेर कमी, आत जास्त असं असेल तर नुसतं दारही पुरत नाही, ऊर्जा खर्च करून आत ओढणारा पंप हवा. ‘पटलातून वहन करणारं प्रथिन’ हा जो जड शब्दप्रयोग पुस्तकात असतो, त्याचा अर्थ एवढाच.

पोटॅशियमचा जुळा भाऊ सोडियम. आवर्तसारणीत एकाच स्तंभात, एकाखाली एक. दोघांवर एकच धनभार. फरक आकाराचा. पेशीला पोटॅशियम आत हवं असतं आणि सोडियम बाहेर. समुद्राजवळच्या जमिनीत मात्र सोडियमचा पूर असतो. तिथे जगायचं तर पेशीला दोन्ही आघाड्या सांभाळाव्या लागतात. ट्रॉम्बेची गोष्ट इथून सुरू होते.

कोकणच्या खाड्यांना लागून असलेली खारजमीन ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भातसा, काळू यांचं पाणी उल्हास नदीतून शेवटी खाडीला मिळतं. आमच्याकडे हे पाणी गोडं असतं, पण खाली खाडीशी भरतीचं पाणी आत घुसतं. तिथे लोकांनी मातीचे बांध घालून, उघाड्या ठेवून जमीन राखली. पावसाळ्यात पडणाऱ्या पाण्याने वरचं मीठ धुऊन जातं, तेवढ्या काळात मीठ सोसणारं भात घ्यायचं. पाऊस गेला की खालचं मीठ पुन्हा वर येतं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खपली दिसते. या जमिनींसाठी स्वतंत्र कायदे झाले, पनवेलला कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून मीठ सोसणारे भाताचे वाणही आले.

भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवं शेवाळ धरतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. याला आपण शेवाळ म्हणतो, पण हे जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. सूर्यप्रकाशावर जगतात आणि त्यातले काही हवेतला नायट्रोजन पकडून त्याचं खत करतात. भातखाचरात हे घडतं हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं. १९५० साली बनारसच्या आर. एन. सिंह यांनी उत्तरेतली उसर जमीन या शेवाळाने सुधारता येईल असं ‘नेचर’मध्ये मांडलं. म्हणजे खारट जमीन आणि शेवाळ हा धागा भारतातला जुना आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्र म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. तिथे जीवशास्त्राचंही मोठं काम चालतं, हे विज्ञान शाखेच्या कित्येक विद्यार्थ्यांना एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नसतं. मलाही शोधनिबंध वाचायला लागल्यावरच कळलं. जोसेफ थॉमस हे तिथले शास्त्रज्ञ ॲनाबिना या सायनोबॅक्टेरियावर काम करत होते. ॲनाबिना मण्यांच्या माळेसारखी दिसते. ठरावीक अंतरावर एखादा मणी वेगळा, जाड भिंतीचा असतो, त्याला हेटेरोसिस्ट म्हणतात. नायट्रोजन पकडण्याचं काम तिथे होतं. पण नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, आणि प्रकाशसंश्लेषण तर ऑक्सिजन सोडतं. मग एकाच माळेत दोन्ही कसं जमतं? थॉमस यांनी १९७० साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या निबंधात दाखवलं की हेटेरोसिस्टमध्ये प्रकाशप्रणाली-२ ची रंगद्रव्यं नसतातच. ऑक्सिजन सोडणारा भागच त्या मण्याने काढून टाकलेला असतो. आज हे बारावीच्या पुस्तकात एका ओळीत येतं.

थॉमस यांच्यासोबत श्री कुमार आपटे यांनी जे काम उभं केलं ते सोडियमवर. त्यांच्याकडे तुलनेसाठी दोन नमुने होते. एक ॲनाबिना एल-३१, गोड्या पाण्यातली. दुसरी ॲनाबिना टोरुलोसा, खारट पाण्यात तग धरणारी. जोडी बघा किती सोपी निवडली आहे. जवळचे नातेवाईक, पण एक मिठाला घाबरणारा आणि एक न घाबरणारा. संशोधनाचा प्रश्न मांडताना अशी जोडी सापडली की अर्धं काम झालं.

१९८० साली आपटे आणि थॉमस यांनी पहिली गोष्ट दाखवली ती उलटीच होती. सायनोबॅक्टेरियाला नायट्रोजन पकडण्यासाठी थोडं सोडियम लागतंच. ते पूर्ण काढून घेतलं तर काम बंद पडतं. म्हणजे सोडियम हे नुसतं विष नाही. मग प्रश्न प्रमाणाचा आला आणि प्रमाणाचा प्रश्न आला की दाराचा येतो. आत किती येतं, कशातून येतं, कोण अडवतं? त्यांनी किरणोत्सारी सोडियम-२२ वापरून पेशीत शिरणारं सोडियम मोजलं. १९८७ साली आपटे, रेड्डी आणि थॉमस यांचा निबंध आला. त्याचं सार असं की मीठ सोसणं आणि सोडियम कमी आत घेणं या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात. टोरुलोसा सोडियमला आत फारसं येऊ देत नाही. आणखी एक मजेशीर निरीक्षण : माध्यमात नायट्रेट किंवा अमोनियमसारखं तयार नत्र दिलं तर सोडियमचा शिरकाव कमी होतो आणि गोड्या पाण्यातली जातही जास्त मीठ सोसते. खतामुळे जीवाणूची मीठ सोसण्याची ताकद वाढते, असं शेतकऱ्याच्या भाषेत म्हणता येईल.

आता इथे सगळ्यांच्या मनात जी आशा येईल तीच त्यांनाही तपासायची होती. हे शेवाळ खारजमिनीत वाढवलं, तर ते जमिनीतलं मीठ कमी करेल का? १९९७ साली ‘प्लांट अँड सॉइल’मध्ये आपटे आणि थॉमस यांनी यावर लिहिलं. शेवाळ खारजमिनीत छान वाढतं, नत्रही देतं. वाढल्यावर त्याचा थर खरवडून बाहेर काढला तर वरच्या मातीतलं मीठ कमी झालेलं दिसतं. पण थर तिथेच राहू दिला तर? सोडियम पेशीच्या आत गेलेलंच नसतं, ते बाहेरच्या चिकट आवरणात अडकलेलं असतं. शेवाळ मेलं, कुजलं की ते मीठ परत मातीत.

मला या निबंधाबद्दल विशेष आदर आहे. ज्या गुणामुळे हे शेवाळ खारजमिनीत जगतं, म्हणजे सोडियमला दारात थोपवणं, त्याच गुणामुळे ते सोडियम कायमचं उचलून नेऊ शकत नाही. दहा वर्षं आधी केलेल्या सोडियम-२२ च्या मोजणीतच हे उत्तर लपलेलं होतं. शीर्षकात ‘शक्यता’ लिहायची आणि मर्यादाही त्याच निबंधात स्पष्ट लिहायची, हे किती कमी वेळा होतं ते शोधनिबंध वाचायला लागलात की कळेल.

सोडियमची आघाडी झाली. आता दुसरी, पोटॅशियमची. त्यासाठी थोडं मागे, आणि शिकागोला.

वोल्फगँग एपस्टाइन १९६० च्या दशकापासून ई. कोलाय आयन आत कसे घेतो हे बघत होते. १९७० साली त्यांनी डेव्हिस यांच्यासोबत काही उत्परिवर्तित जीवाणू वेगळे काढले. साधा ई. कोलाय अत्यंत कमी पोटॅशियममध्येही वाढतो. इतकं कमी की माध्यमातल्या इतर रसायनांमधली अशुद्धी म्हणून जे येतं तेवढंही त्याला पुरतं. हे उत्परिवर्तित जीवाणू मात्र जास्त पोटॅशियम दिल्याशिवाय वाढत नव्हते. पोटॅशियमवर अवलंबून, म्हणून त्या जनुकांना नाव पडलं केडीपी. ‘के’ हे पोटॅशियमचं चिन्ह, पुढची दोन अक्षरं ‘डिपेंडंट’ या शब्दातली. गंमत बघा, प्रथिनाचं नाव त्याच्या कामावरून पडलेलं नाही, ते बिघडल्यावर जीवाणूचं काय होतं त्यावरून पडलं. आनुवंशिकीत हे नेहमीचंच आहे. नावावरून काम ओळखायला गेलात की फसलात.

पुढच्या काही वर्षांत चित्र स्पष्ट झालं. ई. कोलायकडे पोटॅशियम आत घेण्याचे एकाहून जास्त मार्ग आहेत. ट्रक नावाचा मार्ग कायम चालू असतो, पण त्याची पकड सैल. बाहेर पुरेसं पोटॅशियम असेल तेव्हाच तो उपयोगाचा. केडीपी एरवी बनतच नाही. टंचाई आली की मगच त्याची जनुकं चालू होतात, आणि त्याची पकड इतकी घट्ट की बाहेर दोन मायक्रोमोलरच्या आसपास पोटॅशियम असलं तरी तो अर्ध्या वेगाने काम करतो. १९७८ साली एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा पंप एटीपी जाळून चालतो. १९८४ साली जनुकांचा क्रम हाती आला आणि त्यातलं केडीपी-बी हे उपएकक प्राण्यांच्या स्नायूतल्या कॅल्शियम पंपासारखं निघालं. येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूत सोडियम-पोटॅशियम पंप शोधला होता, त्यासाठी त्यांना पुढे १९९७ साली नोबेल मिळालं. तोही याच घराण्यातला. आतड्यातला जीवाणू, खेकडा आणि आपण, सगळ्यांच्या पटलात एकाच आराखड्याचं यंत्र.

मग मोठा वाद उभा राहिला. टंचाई आली हे जीवाणूला कळतं कसं? १९८१ साली एपस्टाइन यांच्या गटाने म्हटलं, फुगीरपणावरून. पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते. पोटॅशियम कमी झालं की तो ताण उतरतो आणि तोच इशारा. पुरावा असा की बाहेर मीठ किंवा साखर घालून पेशीतलं पाणी ओढून घेतलं तरी केडीपी चालू होतं. कल्पना देखणी होती. पण मीठ आणि साखर यांचा परिणाम सारखा होत नाही, फुगीरपणा पूर्ववत झाला तरी जनुकं चालूच राहतात, असे आक्षेप येत राहिले. इशारा ओळखणारं प्रथिन केडीपी-डी आणि त्याचा निरोप जनुकापर्यंत नेणारं केडीपी-ई ही जोडी १९९२ पर्यंत नीट ओळखली गेली होती, पण केडीपी-डी नेमकं काय मोजतं यावर एकमत नव्हतं.

अशा वादात तिसऱ्या साक्षीदाराची गरज असते. ई. कोलायवरच प्रयोग करत राहिलात तर ई. कोलायच्या सवयी आणि निसर्गाचा नियम यांच्यातला फरक कळत नाही. हा साक्षीदार ट्रॉम्बेहून आला.

अनुराधा अलाहारी आणि आपटे यांनी आधी १९९८ साली टोरुलोसाला पोटॅशियमविना ठेवलं की काय काय बिघडतं ते तपासलं. मग २००१ साली अलाहारी, आनंद बल्लाळ आणि आपटे यांचा निबंध ‘जर्नल ऑफ बॅक्टेरियॉलॉजी’मध्ये आला. त्यांनी वापरलेली युक्ती समजून घ्या, कारण मुलाखतीत असले प्रश्न हमखास येतात. ॲनाबिनाचं केडीपी त्यांच्या हातात शुद्ध स्वरूपात नव्हतं. पण ई. कोलायच्या केडीपी-बी विरुद्धची प्रतिपिंडं उपलब्ध होती. दोन्ही प्रथिनं एकाच घराण्यातली असतील तर ई. कोलायसाठी बनवलेलं प्रतिपिंड ॲनाबिनाच्या प्रथिनालाही चिकटायला हवं. आणि ते चिकटलं. पोटॅशियम भरपूर असताना ती पट्टी दिसत नाही, टंचाईत दिसते. म्हणजे सायनोबॅक्टेरियातही हा पंप आहे आणि तोही गरजेपुरताच बनतो.

इथे थोडं थांबा. दुसऱ्याचं प्रतिपिंड चिकटलं, एवढ्यावरून ‘तेच प्रथिन’ म्हणता येतं का? एकट्या पट्टीवरून नाही. ते पटलातच सापडतं का, पोटॅशियम दिल्यावर नाहीसं होतं का, जनुकाचा तुकडा मिळतो का, असे दोन-तीन स्वतंत्र पुरावे जुळावे लागतात. आणि ज्या प्रतिपिंडाने हे सगळं सुरू झालं ते तयार करायला कुणीतरी आधी शुद्ध प्रथिन बनवलेलं असावं लागतं. कॅटलॉगमधल्या कुपीचा एक खरा उपयोग हाच आहे, आणि तो कमी लेखू नका.

निकालाचा जो भाग वादाला जाऊन भिडला तो असा : टोरुलोसात मीठ किंवा साखर घालून ताण दिला तर केडीपी चालू होत नाही. फक्त पोटॅशियमची टंचाई चालते. फुगीरपणा हाच सगळीकडचा इशारा असेल तर इथेही तो लागू पडायला हवा होता. एका जीवाणूवरून सिद्धांत कोसळत नाही हे खरं, पण ‘सगळे जीवाणू असंच करतात’ हे वाक्य त्यानंतर लिहिता येत नाही. खाडीकाठी राहणाऱ्या जीवाला मिठाच्या प्रत्येक झटक्याला महागडा पंप उभारणं परवडणारही नाही, असं मला वाटतं. हा मात्र माझा तर्क, निबंधातला निष्कर्ष नव्हे.

२००५ साल या गोष्टीत महत्त्वाचं. गोड्या पाण्यातल्या एल-३१ मध्ये बल्लाळ आणि आपटे यांना केडीपीचे एक नाही, दोन ऑपेरॉन सापडले. पोटॅशियम कमी पडलं की त्यातला दुसराच प्रामुख्याने कामाला लागतो. आणि केडीपी-डी? ई. कोलायमध्ये ते ८९४ अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन. ॲनाबिनात फक्त ३६५. पुढचा अर्धा आहे, मागचा नाहीच. मागच्या अर्ध्यात तर फॉस्फेट लावण्याचं यंत्र असतं, ज्याच्याशिवाय निरोप पुढे जात नाही. मग हा अर्धवट तुकडा करतो तरी काय?

जर्मनीत ओस्नाब्रुक इथे कार्लहाइन्झ आल्टेनडॉर्फ यांचा गट केडीपीवर वर्षानुवर्षं काम करत होता. बल्लाळ, आपटे आणि त्या गटाने मिळून एक प्रथिन बनवलं : पुढचा अर्धा ॲनाबिनाचा, मागचा अर्धा ई. कोलायचा. नाव ठेवलं ‘ॲनाकोलाय’ केडीपी-डी. रिकॉम्बिनंट शब्दाचा अर्थ याहून चांगला कुठल्या उदाहरणातून कळेल? दोन सजीवांच्या जनुकांची कलमं जोडून तिसऱ्याच्या पेशीत उगवलेलं प्रथिन. हापूसचं कलम बांधतो तसं, फक्त खुंट आणि डोळा रेणूंचे. आणि हे जोडप्रथिन ई. कोलायमध्ये काम करतं. म्हणजे ॲनाबिनाचा तुकडा मोडका अवशेष नाही. योग्य जोडीदार दिला तर तो त्याच्याशी जुळवून घेतो.

आता राहिली रचना. पटलातलं प्रथिन शुद्ध करणं हे पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनासारखं सोपं नाही. त्याचा मोठा भाग तेलकट असतो, पटलातून बाहेर काढलं की गोळा होऊन बसतं. म्हणून डिटर्जंट घालून, मेदाऐवजी डिटर्जंटच्या रेणूंचं आवरण देऊन ते बाहेर काढतात. डिटर्जंट सौम्य असेल तर प्रथिन निघत नाही, कडक असेल तर मरतं. असली प्रथिनं जेलवरही फसवतात. ई. कोलायचं दुग्धशर्करा वाहणारं लॅक-वाय प्रथिन घ्या. जनुकावरून त्याचं वजन साडेशेचाळीस हजार डाल्टन, पण जेलवर पट्टी दिसते तीस-तेहतीस हजारांच्या आसपास. पट्टी चुकीच्या जागी आली म्हणून नमुना फेकून देण्याआधी हे आठवावं.

केडीपी तर चार उपएककांचा संच. ए, बी, सी आणि एफ नावाचं अगदी चिमुकलं, २९ अमिनो आम्लांचं. २०१७ साली हुआंग, पेडरसन आणि डेव्हिड स्टोक्स यांनी ‘नेचर’मध्ये त्याची स्फटिक रचना दिली. ए उपएकक पोटॅशियमच्या वाहिनीसारखं दिसतं, बी हे एटीपी जाळणारं इंजिन. एकाच संचात वाहिनी आणि पंप, दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक. दोघांच्या मधून सुमारे ४० अँगस्ट्रॉम लांबीचा बोगदा जातो. पोटॅशियम स्वतः या बोगद्यातून बी पर्यंत जातं की बोगदा नुसता निरोप पोचवतो, यावर आधी मतभेद झाले. पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेल्या चित्रांनी पोटॅशियम आत बोगद्यातून बी कडे जातं या बाजूला पारडं झुकवलं.

त्याच रचनेत एक न मागितलेली गोष्ट दिसली. बी उपएककाच्या १६२ व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट चिकटलेलं होतं. कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. २०२० साली स्टोक्स यांच्या गटाने खुलासा केला : बाहेर पोटॅशियम भरपूर असेल तर ई. कोलाय हे फॉस्फेट लावून पंप बंद करतो. नवा पंप बनवणं थांबवणं एक, आणि आधीच बनलेले पंप थांबवणं दुसरं. हा दुसरा ब्रेक एपस्टाइन यांच्या १९७० सालच्या निबंधानंतर ५० वर्षांनी उलगडला.

याचा प्रयोगशाळेतला अर्थ फार थेट आहे. रिकॉम्बिनंट प्रथिन भरपूर मिळावं म्हणून आपण जीवाणू कशात वाढवतो? पोषक माध्यमात. त्यात पोटॅशियम भरपूर. म्हणजे आपण पंप बनवायला सांगतो आणि जीवाणू तो बनवून लगेच कुलूप लावून आपल्या हातात देतो. जेलवर पट्टी उत्तम, शुद्धता उत्तम, आणि एटीपी जाळण्याचा वेग अगदी कमी. त्यामुळे आता पंपाची क्रिया मोजायची असेल तर १६२ व्या जागी सेरीनऐवजी ॲलनीन घातलेलं रूप वापरतात, नाहीतर शुद्ध केल्यावर फॉस्फेटेझने ते फॉस्फेट काढून टाकतात. ज्या वर्षी ती स्फटिक रचना आली त्याच २०१७ साली ट्रॉम्बेहून डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या प्रचंड किरणोत्सार सोसणाऱ्या जीवाणूच्या केडीपी ऑपेरॉनवर निबंध आला. म्हणजे तिथलं काम तोवर थांबलेलं नव्हतं.

तर कॅटलॉगमधली ती नोंद. सी उपएकक एकटं. वाहिनी ए मध्ये, इंजिन बी मध्ये, त्यामुळे कुपीतलं एकटं सी पोटॅशियमचा एक आयनही वाहून नेणार नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचं असेल, इम्युनोब्लॉटमध्ये ओळखीची पट्टी म्हणून हवं असेल, ते कशाला चिकटतं ते बघायचं असेल, तर ते उपयोगी आहे. पण आराखड्यात ‘पोटॅशियमचं वहन मोजणे’ असं लिहिणार असाल तर चारही उपएककं असलेला प्लाझ्मिड लागेल, स्वतःचे पोटॅशियमचे पंप काढून टाकलेला ई. कोलाय लागेल, डिटर्जंटच्या चाचण्यांसाठी निदान काही महिने धरावे लागतील, आणि प्रथिन परत मेदाच्या गोळ्यांमध्ये बसवून मोजावं लागेल. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात चार गोष्टी शोधा : पूर्ण लांबीचं आहे की तुकडा, टॅग कुठल्या टोकाला, कुठल्या पेशीत बनवलं, आणि द्रावणात कुठलं डिटर्जंट आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पत्रकात नसेल तर ऑर्डर देण्याआधी ईमेल करून विचारा.